रेंज नसलेल्या रानात पक्ष्यांचे आवाज ओळखणारा डबा: वेळ चुकतेय, धनेश गायब

लेथवाला · १ जून, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. मी बेळगावात असतो, उद्यमबागेत लेथवर काम करतो. मूळ घर जांबोटी सोडून कणकुंबीकडं जाताना रस्त्यापासून दीड-दोन किलोमीटर आत. तिथं इंटरनेट नाही. बांधावर चढलं तर फोनला रेंजची एखादी काडी येते आणि जाते.

गेल्या हिवाळ्यात मी रास्पबेरी पाय ४ या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर बर्डनेट-पाय हा आवाजावरून पक्षी ओळखणारा प्रोग्राम बसवून एक डबा केला. यूएसबी माइक, जेवणाच्या डब्याएवढी प्लॅस्टिकची पेटी, आणि १०,००० एमएएचची पॉवरबँक. टिळकवाडीच्या घरी वायफायवर उत्तम चालायचा. तांबट, बुलबुल, कोकीळ, शिंपी सगळं वेळेसकट नोंदवायचा. १७ फेब्रुवारीला सकाळी साडेदहाच्या सुमारास नीट बंद करून कपाटात ठेवला.

परवा शनिवारी, ३० मे ला, तो गावी नेला. संध्याकाळी पावणेसातला अंगणातल्या फणसाला बांधून चालू केला आणि रविवारी दुपारी काढला. आज घरी येऊन नोंदी उघडल्या तर काहीच जुळत नाही.

रातवा सकाळी ११:२७ ला बोलल्याची नोंद आहे. संध्याकाळी ५:१७ ते ५:४८ या अर्ध्या तासात रानपिंगळा आणि लालबुड्या बुलबुल एकदमच बोलताहेत, एकाच मिनिटात सुद्धा. हिरवट वटवट्या तीनदा आलाय. आणि ज्याचं मला सगळ्यात वाईट वाटलं ते म्हणजे मलबारी राखी धनेश. रविवारी सकाळी माझ्या डोक्यावरून खदाखदा हसल्यासारखा ओरडत गेला, डबा तिथून वीस पावलांवर, तरी त्याची नोंदच नाही.

हे सगळं मला का हवंय ते सांगतो. माझे बाबा ७६ वर्षांचे आहेत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ते वर्षानुवर्षं लिहीत आलेत: पावशा पहिल्यांदा कधी बोलला, नवरंग कधी आला, पहिला बेडूक कधी. जुनी कॅलेंडरं त्यांनी पेटीत जपून ठेवलीत. गेली तीन वर्षं नवरंगाची जागा कोरी आहे. पाखरू येत असणारच, पण बाबांच्या कानांना त्याची शीळ आता पोचत नाही. म्हणून तारीख आणि वेळ बरोबर असणं माझ्यासाठी पक्ष्याच्या नावाइतकंच महत्त्वाचं आहे. डबा खराब झालाय की माझं काही चुकतंय?

---

निपाणीकर · १ जून, रात्री १०:०५

दादा, एवढा खटाटोप कशाला? फोनवर मर्लिन घ्या, आवाजावरून पक्षी ओळखणारं अ‍ॅप. बेळगावात वायफायवर असताना आपल्या भागाचा पक्ष्यांचा पॅक उतरवून ठेवायचा. मग आवाज ओळखायला इंटरनेट लागतच नाही, फोन विमान मोडवर टाकला तरी चालतं. मी तंबाखूच्या शेतात असाच वापरतो. फोनचं घड्याळ रेंज नसली तरी चालूच असतं, त्यामुळं वेळेचा प्रश्न येत नाही.

---

लेथवाला · १ जून, रात्री १०:१८

मर्लिन माझ्याकडंही आहे आणि हातात फोन घेऊन उभं राहायचं असेल तर त्याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. पण मी गावी आठवड्यातून एकदा जातो. पहाटे साडेपाचला फणसाखाली रोज कोण उभं राहणार? मला मागं ठेवून येण्यासारखं काहीतरी हवंय.

---

सोल्डरगन · १ जून, रात्री ११:३०

डबा खराब नाही. तुमच्या डब्याला घड्याळच नाही.

पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. वीज गेली की वेळ गेली. घरी ते कळत नाही कारण चालू होताच तो वायफायवरून वेळ मागून घेतो. इंटरनेट नसेल तर काय करतो? बंद होताना एका फाइलमध्ये त्यानं शेवटची वेळ लिहून ठेवलेली असते, तीच पुन्हा उचलतो आणि तिथून पुढं मोजायला लागतो. तुम्ही १७ फेब्रुवारीला साडेदहाला बंद केलात. ३० मे ला पावणेसातला चालू केलात तेव्हा त्याच्या मते १७ फेब्रुवारीचे साडेदहाच वाजले होते. आता रातव्याचे ११:२७ मोजून बघा. चालू केल्यावर ५७ मिनिटं, म्हणजे खरे पावणेआठ. दिवेलागण उलटून गेल्यावर रातवा बोलला, तो अगदी बरोबर आहे.

रानपिंगळा आणि बुलबुल एकदम कसे, ते मला अजून कळलं नाही. रात्री मध्येच डबा बंद पडला होता का?

---

लेथवाला · २ जून, सकाळी ७:१०

होय! सांगायचं राहिलं. पहाटे जाग आली तेव्हा डब्याचा दिवा विझला होता, पॉवरबँक संपलेली. दुसरी लावली. उजाडायच्या आधी, पण घड्याळ पाहिलं नाही.

---

सोल्डरगन · २ जून, दुपारी १:४०

मग कोडं सुटलं. ती फाइल डबा चालू असताना तासातून एकदाच लिहिली जाते. पॉवरबँक अचानक संपली तेव्हा शेवटची लिहिलेली वेळ ५:१७ असणार. दुसरी लावल्यावर घड्याळ मागं जाऊन पुन्हा ५:१७ पासून सुरू झालं. म्हणजे ५:१७ ते ५:४८ हा अर्धा तास तुमच्या नोंदीत दोनदा आलाय. एकदा मध्यरात्रीनंतरचा, त्यात रानपिंगळा. एकदा पहाटेचा, त्यात बुलबुल. दोन्ही एकावर एक बसलेत.

यातली चांगली गोष्ट अशी की नोंदी फेकायच्या नाहीत. प्रत्येक वेळी डबा चालू झाल्यापासून घड्याळ नीटच चाललंय, फक्त सुरुवात चुकीची. त्यामुळं प्रत्येक फेरीला एक ठराविक फरक मिळवला की खरी वेळ निघते. त्यासाठी प्रत्येक फेरीत एक तरी असा आवाज शोधा ज्याची खरी वेळ तुम्हाला माहीत आहे. देवळातली घंटा, बसचा हॉर्न, काहीही.

---

रानवाट · २ जून, रात्री ८:५०

मी खानापूरची, शाळेत शिकवते, आणि पक्षी ऐकत फिरणं हा वीस वर्षांचा नाद. वेळेचं उत्तर मिळालं, धनेशाचं राहिलं. दादा, सेटिंगमध्ये अक्षांश-रेखांश काय आहेत ते बघून सांगा.

---

लेथवाला · २ जून, रात्री ९:१५

१२.९७ आणि ७७.५९. मी काही भरलं नव्हतं, बसवताना आपोआप आलं.

---

रानवाट · २ जून, रात्री ९:४८

ते बेंगळुरू आहे. बसवताना तो इंटरनेटच्या जोडणीवरून जागा ओळखतो, आणि आपल्याकडं ती बहुतेक वेळा एखाद्या मोठ्या शहराची निघते.

बर्डनेट काय करतं ते थोडं समजून घेऊ, म्हणजे दोन्ही चुका एकत्र कळतील. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची पक्षीशास्त्र प्रयोगशाळा आणि जर्मनीतलं केम्निट्झ तंत्रविद्यापीठ यांनी ते तयार केलंय. आवाजाचे तीन-तीन सेकंदांचे तुकडे करून प्रत्येकाचं चित्र बनवतं आणि जगभरातल्या सहा हजारांहून जास्त जातींशी ताडून पाहतं. एवढ्या जातींत गोंधळ होणारच. म्हणून आधी एक चाळण लावतात: या जागी, वर्षाच्या या आठवड्यात कोणते पक्षी असण्याची शक्यता आहे? यादीत नसलेला पक्षी कितीही स्पष्ट ओरडला तरी नोंद होत नाही.

तुमच्या डब्याची समजूत होती की तो फेब्रुवारीत बेंगळुरू शहरात बसलाय. राखी धनेश हा सह्याद्रीचा पक्षी, शहराच्या यादीत कुठून असणार? त्याचा आवाज डब्यानं ऐकला आणि चाळणीत टाकून दिला. उलट हिरवट वटवट्या हा हिवाळी पाहुणा. मे संपताना तो आपल्याकडं नसतो, पण फेब्रुवारीच्या यादीत त्याला दार उघडंच होतं. एखाद्या किड्याच्या किंवा झुडपी बेडकाच्या टिकटिकीला त्यानं ते नाव दिलं असेल. घड्याळ चुकल्यानं नुसती वेळच चुकत नाही, पक्षीही बदलतात.

खानापूरसाठी साधारण १५.६४ आणि ७४.५१ भरा. तुमचं घर आणखी पश्चिमेला, त्यामुळं नकाशावर बोट ठेवून तिथले आकडे घेतलेत तर उत्तम. आमच्या तालुक्यात पूर्वेला माळ आणि पश्चिमेला सदाहरित जंगल, पंचवीस-तीस किलोमीटरमध्ये पाखरं पार बदलतात.

---

चंदगडी · ३ जून, सकाळी ६:३०

आम्ही पलीकडं महाराष्ट्रात, पण पाऊस आणि धनेश तेच. मीही असाच डबा चालवतो. इंटरनेटशिवाय रानातच नोंदी कशा बघायच्या ते सांगतो, कारण त्यावर माझे दोन महिने गेले.

डब्यालाच हॉटस्पॉट करायचं. नव्या रास्पबेरी पाय ओएसमध्ये नेटवर्क मॅनेजर असतो, त्यातच ती सोय आहे. मग डब्याचं स्वतःचं वायफाय तयार होतं, त्यात इंटरनेट नसतं, पण फोन जोडता येतो. जोडल्यावर फोन विचारतो की इंटरनेट नाही, तरी जोडलेलं राहू का? हो म्हणायचं. आणि मोबाइल डेटा बंद करायचा. इथंच सगळे अडकतात. डेटा चालू असला की फोन गुपचूप मोबाइल नेटवर्ककडं वळतो आणि पान उघडतच नाही. ब्राउझरमध्ये डब्याचं नाव टाकून अँड्रॉइडवर कधी उघडतं कधी नाही, म्हणून थेट १०.४२.०.१ टाका.

घड्याळाचा भाग येईपर्यंत तात्पुरता उपाय: फोनवर टर्मिनलचं अ‍ॅप घ्या, डब्यात शिरा, डेट कमांडनं फोनमधली वेळ हातानं भरा. चालू केल्याबरोबर, पहिला पक्षी बोलायच्या आधी. आणि माइकसमोर मोठ्यानं तारीख-वेळ बोलून एक टाळी वाजवा. पण ती टाळी फोनवर वेगळी रेकॉर्ड करून ठेवा, कारण बर्डनेट-पाय पक्षी सापडलेले तुकडेच जपतं, बाकी आवाज पुसून टाकतं. शिवाय माणसाचा आवाज आला की तो तुकडा टाकून द्यायची सोय त्यात आहे. वाटेवरून बोलत जाणाऱ्यांसाठी ती चालू ठेवलेली बरी.

---

सोल्डरगन · ३ जून, रात्री १०:५५

आता कायमचा उपाय. डीएस ३२३१ नावाचा घड्याळाचा बोर्ड घ्या. डीएस १३०७ स्वस्त मिळतो पण तापमान बदललं की वेळ सरकते. ३२३१ वर्षात फार तर मिनिटभर चुकतो.

चार तारा: पायच्या १ नंबर पिनेवरून ३.३ व्होल्ट, ३ वर एसडीए, ५ वर एससीएल, ९ वर ग्राउंड. मग पायच्या कॉन्फिग फाइलमध्ये आय-टू-सी, म्हणजे एसडीए-एससीएल या दोन तारांवरून बोलायची सोय, चालू करून या घड्याळाची ओळ घालायची आणि ते खोटं घड्याळ, ती शेवटची वेळ लिहून ठेवणारी सेवा, काढून टाकायची. ती तशीच राहिली तर दोन्ही घड्याळं एकमेकांत लुडबूड करतात.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. बाजारात मिळणाऱ्या निळ्या बोर्डावर सेल चार्ज करायची सोय असते, ती रिचार्ज होणाऱ्या सेलसाठी. आपण त्यात साधा सीआर २०३२ बटण सेल टाकतो, जो रिचार्ज होत नाही. बोर्डाला ५ व्होल्ट दिलेत तर तो साधा सेल चार्ज व्हायला लागतो, फुगतो, फुटूही शकतो. ३.३ व्होल्टवर चालवा, म्हणजे तो प्रश्न येत नाही. माझ्याकडं दुरुस्तीला आलेल्या एका बोर्डात सेल फुगून टाके उखडलेले मी पाहिलेत.

जीपीएसचा बोर्डही लावता येतो, तो वेळ आणि जागा दोन्ही देतो. पण पावसाळ्यात फणसाच्या दाट पानांखाली उपग्रह सापडायला वेळ लागतो आणि वीजही जास्त खातो. तुमचा डबा एकाच झाडावर राहणार, जागा एकदा भरली की झालं.

विजेचं गणित: १०,००० एमएएच हा आकडा ३.७ व्होल्टवरचा, म्हणजे ३७ वॉट-तास. ५ व्होल्ट करताना घट धरून हाती २४-२५ उरतात. पाय ४ साडेतीन वॉट खातो असं धरा, सात तास. तुमची पॉवरबँक दोनच्या सुमारास संपली ते यातूनच जुळतं. पाय झीरो २ डब्ल्यू या त्याच्या धाकट्या भावावर हेच काम दोन वॉटच्या आसपास होतं, बारा तास निघतात. आणि बॅटरी संपून अचानक बंद पडणं मेमरी कार्डाला वाईट. दोन-चार वेळा निभावतं, मग एके दिवशी डबा चालूच होत नाही.

---

घटप्रभाकाठ · ४ जून, दुपारी ३:२०

मी गोकाककडचा. घरी कन्नड, आजोळ मराठी, चुकलं तर सांभाळून घ्या. माझी पद्धत वेगळी आहे, सांगून ठेवतो.

मी रानात ओळखायचं कामच करत नाही. ऑडिओमॉथ नावाचं छोटं रेकॉर्डर वापरतो. तीन पेन्सिल सेल, एक मेमरी कार्ड, काडेपेटीपेक्षा थोडं मोठं. पहाटे पाच ते आठ आणि संध्याकाळी सहा ते आठ एवढंच रेकॉर्ड कर असं सांगून ठेवतो. घरी आल्यावर कार्ड लॅपटॉपवर, आणि लॅपटॉपवर बर्डनेट अ‍ॅनालायझर. एकदा उतरवून घेतलं की तेही इंटरनेटशिवाय चालतं. जागा चुकली, आठवडा चुकला, तरी मूळ आवाज जपलेला असतो, पुन्हा चाळता येतो. तुमच्या डब्यानं टाकून दिलेला धनेश मात्र गेला तो गेलाच.

यालाही सेल काढले की वेळ विसरायची खोड आहे. पण वेळ लावायला लॅपटॉपच लागतो असं नाही. फोनवरच्या अ‍ॅपमधून सूर वाजवतात, रेकॉर्डर तो ऐकून वेळ लावून घेतो. पहिल्यांदा केलं तेव्हा मला किती आनंद झाला सांगू!

---

रानवाट · ४ जून, रात्री ९:०५

घटप्रभाकाठ यांचं म्हणणं मला पटतं. ज्याला पाच-दहा वर्षांच्या नोंदी जपायच्या आहेत त्यानं मूळ आवाज जपावा. पण लेथवाले दादांच्या बाबांना गावातच, त्याच दिवशी काय बोललं ते बघायचं असेल तर डबाच बरा.

दादा, जपलेल्या तुकड्यांपैकी पहाटेचे मला ऐकायला द्याल का? सगळे द्या, डब्यानं नाव काहीही दिलेलं असू दे.

---

लेथवाला · ५ जून, रात्री ८:३०

ताई, डब्याच्या घड्याळानं ५:५० ते ६:३० चे बावीस तुकडे जोडलेत.

सोल्डरगन भाऊ, तुमच्या सांगण्यावरून खुणेचे आवाज शोधले. पहिल्या फेरीत रातव्याच्या त्याच ११:२७ च्या तुकड्यात मागं बसचा हॉर्न आहे. ती आमची वस्तीची गाडी, वळणावर रोज ७:४० ला हॉर्न देते. फरक ८ तास १३ मिनिटं. दुसऱ्या फेरीत ६:२४ च्या तुकड्यात दूधगाडीचा भोंगा आहे, ती ६:२० ला येते. फरक १२ तासांना चार मिनिटं कमी. म्हणजे पॉवरबँक मी पहाटे ५:१३ ला बदलली.

---

सोल्डरगन · ५ जून, रात्री ९:००

वा! बसवरून ८ तास १३ आणि तुम्ही चालू केल्याच्या वेळेवरून ८ तास १५, दोनच मिनिटांचा फरक. गाडी दोन मिनिटं लवकर आली असेल नाहीतर तुमचे पावणेसात अंदाजाचे असतील. मोजणी खरी धरा.

---

रानवाट · ६ जून, सकाळी ११:१५

दादा, ५:५६ चा तुकडा ऐका. डब्यानं त्याला भारद्वाज म्हटलंय आणि भारद्वाज आहेच, तो खोल हूप-हूप-हूप. पण हेडफोन लावा आणि तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला मागं लक्ष द्या. लांबून येणारी दोन सुरांची स्वच्छ शीळ, दुसरा सूर खाली उतरतो. पुन्हा एकदा पाचव्या सेकंदाला.

नवरंग आहे. मी तीनदा ऐकलं, माझ्या मनात शंका नाही. तुमच्या फरकानं पहाटेचे ५:५२ होतात, उजाडतानाची त्याची नेहमीची वेळ.

---

घटप्रभाकाठ · ६ जून, दुपारी १२:४०

मी तोच तुकडा लॅपटॉपवर चालवला. जागा खानापूरची भरली आणि आठवडा २०. अ‍ॅनालायझर महिन्याला चार असे वर्षाचे ४८ आठवडे धरतो, म्हणून मे चा शेवट विसावा येतो, फेब्रुवारीचा तुमचा सातवा होता. आता भारद्वाज आणि नवरंग दोन्ही नावं देतोय. आमच्याकडं भारद्वाजाला केंबूत म्हणतात, नवरंगाला कन्नडमध्येही नवरंगच.

---

निपाणीकर · ६ जून, दुपारी २:०५

अंगावर काटा आला वाचून. बाबांना ऐकवा, लेथवाले दादा.

---

रानवाट · ६ जून, रात्री ८:२०

पुढं डबा कायम ठेवणार आहात म्हणून थोडं सावधगिरीचं सांगते.

भृंगराज आणि हरेवा हे दोघे पट्टीचे नकलाकार. भृंगराज एका फांदीवर बसून चार पक्ष्यांचे आवाज एकामागून एक काढतो आणि डबा चौघांची नावं लिहितो. अर्ध्या मिनिटात एकाच दिशेनं शिक्रा, हळद्या, बुलबुल असं काही आलं तर आधी भृंगराजाचा संशय घ्या. शेकरूची खडखड मी स्वतः धनेशाच्या नावावर गेलेली पाहिलीय. डब्यासमोरचा आकडा ०.९ असला म्हणजे नव्वद टक्के खरं असं धरू नका. तो फक्त डब्याचा स्वतःवरचा भरवसा आहे. आणि ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी जमवणाऱ्या वेबसाइटवर, यादी टाकताना स्वतःच्या कानांनी किंवा डोळ्यांनी खात्री केलेलंच टाका.

डबा स्वतःच्या जमिनीतच बांधा. भीमगड अभयारण्याची हद्द तुमच्यापासून लांब नाही. आत असं काही ठेवायचं तर वनखात्याची लेखी परवानगी लागते, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तशी तरतूदच आहे. आणि नवरंगाचा आवाज स्पीकरवर वाजवून त्याला जवळ बोलवू नका. हा त्याच्या घरट्याचा हंगाम. हद्द राखायला तो सगळं सोडून धावत येतो.

---

चंदगडी · ७ जून, सकाळी ७:००

पावसाचं कुणी बोललं नाही. मृग उद्या निघेल. माइकचं तोंड खाली करा, पीव्हीसीच्या कोपरात बसवा, आत स्पंज. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या, दर आठवड्याला तव्यावर हलक्या गरम करून पुन्हा वापरायच्या. पण पाणी आत जाण्यापेक्षा मोठा त्रास थेंबांचा. प्लॅस्टिकवर टपटप पडले की डब्याला दुसरं काही ऐकूच येत नाही. मी वर छोटं इरलं करून बसवलं, खाली भाताची पिंजर. थेंब पिंजरीवर पडतो, आवाज मरतो. धो-धो पावसात कशाचाच उपयोग नाही, पण रिमझिमीत जमीन-अस्मानाचा फरक पडला.

आणि पेटीवर हे काय आहे, कुणाचं आहे, ते मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहून चिकटवा. झाडाला बांधलेली, दिवा लुकलुकणारी पेटी बघून माणसं घाबरतात. आमच्याकडं एकानं पोलीस पाटलाला उठवून आणलं होतं. त्याचं काही चुकलं नाही.

---

लेथवाला · २१ जून, रात्री १०:१०

उशिरा लिहितोय, पण सगळं करून लिहायचं होतं.

डीएस ३२३१ बसवला, ३.३ व्होल्टवर. खोटं घड्याळ काढलं. डबा आठ दिवस बंद ठेवून काल गावी चालू केला, फोनच्या वेळेशी सेकंदाचाही फरक नव्हता. जागा आमच्या घराची भरली. पाय ४ ऐवजी झीरो २ डब्ल्यू, संध्याकाळी सहापासून पहाटे साडेपाचच्या पुढं चालला. हॉटस्पॉट चालतो, डेटा बंद करायचं लक्षात ठेवलं. इरलं बाबांनीच विणलं. पेटीएवढं इरलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. कागद दोन्ही भाषांत लावलाय, कन्नड शेजारच्या मुलीनं लिहून दिलं.

आज सकाळच्या यादीत पहिलं नाव राखी धनेशाचं. मग कर्णा, पाचू होला, शीळकरी कस्तूर, रानकोंबडा. हिरवट वटवट्या एकदाही नाही.

नावं मराठीत हवी होती म्हणून एक काम केलं. डब्यात पक्ष्यांच्या नावांची एक साधी फाइल असते, प्रत्येक ओळीत शास्त्रीय नाव, मग खालची रेघ, मग बोलीतलं नाव. आपल्याकडच्या दोनशे दहा पक्ष्यांची पुढची नावं मी मराठीत केली. कुणी करणार असाल तर शास्त्रीय नावाला हात लावू नका आणि ओळींचा क्रम अजिबात बदलू नका. ओळीच्या नंबरावरूनच तो पक्षी ओळखतो, एक ओळ सरकली की पुढची सगळी नावं चुकतात. आधी मूळ फाइलची प्रत काढून ठेवा.

आता बाबांचं. गेल्या रविवारी त्यांना हेडफोन लावून ३१ मे चा तो तुकडा ऐकवला. पहिल्यांदा म्हणाले, भारद्वाज आहे. आवाज वाढवला. मान हलवली, नाही म्हणाले. मग लॅपटॉपवर त्या शिळेचा सूर निम्म्यावर उतरवला आणि पुन्हा लावला. ऐकता ऐकता त्यांनी हात वर केला, आम्हाला गप्प बसायला सांगतात तसा. आणखी तीनदा लावायला सांगितलं. मग उठून कॅलेंडरचं मे चं पान उलटलं आणि ३१ च्या चौकोनात लिहिलं, 'नवरंग, ५:५२'. शेजारी डब्याची खूण म्हणून छोटा चौकोन काढला, म्हणजे स्वतः ऐकलेलं आणि डब्यानं ऐकलेलं वेगळं राहील.

पावशाची शीळ त्यांना अजून ऐकू येते. ती यंदा २४ एप्रिलला लिहिलेली आहे, चौकोनाशिवाय.

---

रानवाट · २१ जून, रात्री १०:४०

दादा, बाबांना माझा नमस्कार सांगा. पेटीतली जुनी कॅलेंडरं एकदा बघायला मिळतील का? नवरंगाच्या पानांचे फोटो काढून ठेवायला मी स्वतः येईन, पाऊस जरा उघडला की.

---

लेथवाला · २१ जून, रात्री १०:५२

ताई, अवश्य या. १९८७ पासूनची आहेत, दोन वर्षांची वाळवीनं खाल्लीत. शनिवारी मी गावी असतोच. जांबोटीला उतरा, मी गाडी घेऊन येतो. आणि मराठी नावांची फाइल हवी असलेल्यांनी इथं लिहा, पेनड्राइव्हवर देतो.